जिनिंगचा पुरवठा कुठे तुटतो: तग आणि सावर यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २४ डीआरची (डीआर म्हणजे डबल रोलर, कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र) जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे रुई काढून प्रेसमध्ये तिच्या गाठी बांधणारा कारखाना. गेल्या हंगामात कधी कापूस नाही, कधी सुटा भाग नाही, कधी वीज नाही, असं करत ११ दिवस मशिनं उभी राहिली. सल्लागाराने जोखमींचा तक्ता करून दिला: शक्यतेला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण आणि दोन्हींचा गुणाकार. त्यात सगळ्यात वर 'कापसाचे भाव' आले आणि सगळ्यात खाली 'प्रेसचे सील' (तेलाची गळती रोखणारी रबरी कडी). आता मालकांना विचारायचंय की दसऱ्याआधी नेमकं काय भरून ठेवायचं.

त्या तक्त्यावरून ते ठरणार नाही. दिवाळीत बाजार समिती बंद राहणार हे नक्की, म्हणून शक्यता ५. चार दिवसांचा प्रश्न, म्हणून परिणाम १. गुणाकार ५. कापसाच्या गंजीला आग लागणं, शक्यता १ आणि परिणाम ५. गुणाकार तोच. आता या दोन गोष्टींना सारखाच पैसा लावायचा का? शिवाय दहा हंगामांत एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीची शक्यता १ की २ हे कुणाच्याच हातात नसतं, ते अंदाजपंचे लिहिलं जातं. याउलट ती गोष्ट घडली तर पुन्हा सुरू व्हायला किती तास लागतील, हे तुमच्या कपाटातल्या जुन्या बिलांवरून आणि चार फोन करून निघतं. म्हणून सुरुवात तिथून करा.

प्रत्येक वस्तूसमोर दोन आकडे लिहा. पहिला 'तग': ती वस्तू आत्ता मिळायची थांबली तर कारखाना किती तास चालू राहील. दुसरा 'सावर': ती पुन्हा मिळून, बसून, चाचणी होऊन काम पूर्ववत व्हायला किती तास. तग सावरपेक्षा मोठा असेल तर पुढच्या वस्तूकडे जा. लहान असेल तर फरकाला रोजच्या नुकसानीने गुणा आणि त्या रकमेने यादी लावा. एमआयटीतल्या संशोधकांनी फोर्ड कंपनीच्या पुरवठादारांसाठी मोठ्या प्रमाणावर हीच रीत वापरली. जिनिंगला तिच्यासाठी एक वही पुरते.

या रीतीत स्वस्त भाग वर येतात. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्यात आग लागली. तिथे टोयोटाच्या ब्रेकसाठी एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा. गाडीच्या किमतीत त्याची किंमत नगण्य, पण त्याचा साठा अगदी थोडा आणि बनवणारा जवळपास एकटाच. टोयोटाचे बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. खरेदीच्या रकमेवरून महत्त्व ठरवणाऱ्या कुठल्याही यादीत तो व्हॉल्व्ह तळालाच असणार, तुमच्या सीलसारखा.

आधी रोजचा ओघ मांडून घ्या, नाहीतर तासांना अर्थ राहत नाही. एका डीआरला ताशी ६० किलो रुई धरली (मॉडेलप्रमाणे कमीजास्त होईल) तर २४ डीआरची ताशी १,४४० किलो. रोज निव्वळ २० तास चालवलं तर २८,८०० किलो, म्हणजे १७० किलोच्या साधारण १७० गाठी. रुईचा उतारा (कापसाच्या वजनातून निघणारी रुई) ३४ टक्के धरला तर त्यासाठी रोज अंदाजे ८५० क्विंटल कापूस लागतो आणि घट-कचरा वजा जाता ५४५ क्विंटलच्या आसपास सरकी निघते. गाठीमागे सगळं वजा जाऊन ८०० रुपये उरतात असं समजू. तुमचा खरा आकडा तुम्ही घाला. म्हणजे बंद दिवसाचं नुकसान १ लाख ३६ हजार.

आता वही घेऊन कापसाच्या वजनकाट्यापासून गाठी भरणाऱ्या ट्रकपर्यंत चालत जा. प्रत्येक यंत्राजवळ थांबून विचारा: हे बंद पडलं तर किती माल अडतो? एक डीआर गेला तर २४ वा हिस्सा, चार टक्के. त्यासाठी रात्री कुणाला उठवायची गरज नाही. पण कापूस वर ओढणारा सक्शनचा पंखा एकच, डीआरवर माल वाटणारा पट्टा एकच, प्रेस एकच. २००० साली सुरू झालेल्या कापूस टेक्नॉलॉजी मिशनच्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच जिनिंग सुधारल्या. डोक्यावरून टोपल्या वाहणं गेलं, कचरा कमी झाला, हे चांगलंच झालं. पण पूर्वी चार बाया आल्या नाहीत तर काम मंदावायचं, आता पट्ट्याचा गिअरबॉक्स गेला की चोवीसही डीआर एकदम उपाशी. जोखमीच्या तक्त्यात हे येत नाही, कारण तो कागदावर बसून केलेला असतो.

प्रेसचं उदाहरण नीट पाहू, कारण बाकीच्यांना तोच साचा लागू पडतो.

प्रेस थांबली तरी डीआर लगेच थांबत नाहीत, रुई पाला हॉलमध्ये (प्रेसच्या आधी रुई जमते ती खोली) साचत राहते. हॉल १२ मीटर लांब, ८ रुंद आणि ३ मीटर उंचीपर्यंत भरता येतो असं धरा: २८८ घनमीटर. सैल रुई घनमीटरला ५० किलोच्या घरात मावते असं मानलं (एकदा पेटी भरून वजन करा) तर १४,४०० किलो. ताशी १,४४० ने भागा: १० तास. हा झाला प्रेसचा तग, आणि तो हॉल रिकामा असेल तरच. बहुतेक ठिकाणी हॉल अर्धा भरलेलाच असतो, मग ५.

आता सावर. मेन रॅमचं (रुई दाबणारा, तेलाच्या दाबाने चालणारा मुख्य दट्ट्या) सील गेलं. टाकीतलं तेल कमी होतंय हे लक्षात यायला ३ तास, कारण तेल आधी खड्ड्यात गोळा होतं आणि रात्रपाळीला तिकडे कुणी वाकून पाहत नाही. सील गेलं की पंप, की व्हॉल्व्ह, हे ठरायला ५ तास. दुकान उघडेपर्यंत १४ तास (शनिवारी रात्री गेलं तर याहून जास्त). नागपुरातून पार्सल निघून, एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने येऊन हातात पडायला १० तास. रॅम उचलायला ८, सील बसवायला ६, हवा काढून दाब धरतोय का पाहायला २. एकूण ४८ तास. तग १०, सावर ४८, फरक ३८ तास, म्हणजे दीड दिवसाहून जास्त आणि २ लाखांवर नुकसान.

त्या ४८ मध्ये वस्तू नसण्याचे तास फक्त २४ आहेत, दुकानाचे १४ आणि पार्सलचे १०. सीलचा पूर्ण संच कपाटात असला तरी उरलेले २४ राहतातच. ते कमी करायचे तर तेलाच्या टाकीवर पातळीची खूण आणि दर दोन तासांनी नोंद, वर कायम लटकवलेली पुरेशा टनांची चेन पुली, आणि रॅम उघडलेला एक तरी माणूस गावात. चेन पुली स्वतःची नसेल तर क्रेनची वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो. असेल तर पार्सल वाटेत असताना रॅम उचलून होतो आणि ४८ चे ४० होतात. बऱ्याच ठिकाणी सुटे भाग भरून ठेवतात आणि मग कळतं की ते बसवणारा फिटर भंडाऱ्याला दुसऱ्या प्रेसवर आहे.

सील साठवण्यालाही शहाणपण लागतं. आपल्याकडे स्टोअर म्हणजे टिनाची शेड. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं तेव्हा आत त्याहून जास्त. त्या भट्टीत दोन उन्हाळे काढलेलं रबरी सील वाकवलं की कडेला बारीक भेगा दिसतात. असं सील बसवलं की आठवडाभरात पुन्हा गळती, आणि दोष सीलच्या कंपनीला. सील मूळ पिशवीत, सपाट, खिळ्याला न टांगता, ऑफिसच्या थंड खोलीतल्या कपाटात ठेवा आणि पिशवीवर घेतल्याची तारीख लिहा.

किती नग ठेवायचे? सोलेनॉइडची (विजेवर उघडमीट होणाऱ्या व्हॉल्व्हची) कॉइल घ्या. १२० दिवसांच्या हंगामात सरासरी ४ जातात आणि मागवल्यावर ६ दिवसांनी येते असं तुमच्या बिलांवरून निघालं. मग ६ दिवसांत सरासरी ०.२ कॉइल जातात. एकच नग ठेवला आणि वापरताक्षणी दुसरा मागवला, तरी तो यायच्या आत पुढची कॉइल जाण्याची शक्यता १०० त १८. दोन ठेवले तर तीच शक्यता १०० त २ च्या खाली येते. तिसऱ्याने फारसं काही पदरात पडत नाही. हा हिशोब बिघाड एकमेकांशी संबंध नसताना होतात असं धरून आहे. व्होल्टेज वरखाली होऊन एकाच रात्री दोन जळत असतील तर आधी पॅनेल दुरुस्त करा, कॉइल साठवून उपयोग नाही.

एकाच वेळी जाणाऱ्या वस्तूंचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डीआरचे रोलर. २४ डीआर, ४८ रोलर. सप्टेंबरच्या ओव्हरहॉलमध्ये सगळ्यांवर नवी चामडी वॉशर चढवतात आणि मशिनं चकाचक दिसतात. मग खाचे पाडत पाडत सगळ्यांचा व्यास सारख्याच वेगाने उतरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळे एकाच पंधरवड्यात संपतात. त्याच सुमारास आजूबाजूच्या जिनिंगचेही संपतात, आणि रोलर भरून देणाऱ्याकडे रांग लागते. एरवी चार दिवसांत होणारं काम तेव्हा बारा दिवसांवर जातं. म्हणजे सावरचा आकडा महिन्याप्रमाणे बदलतो. वहीत नोव्हेंबरचा आणि जानेवारीचा असे दोन लिहा. उपाय सोपा आहे: दर आठवड्याला कॅलिपरने व्यास मोजा. नवा रोलर १८० मिलिमीटर, काढायचा १२० ला, आठवड्याला ३ मिलिमीटर उतरतोय, तर २० आठवडे. आता रोलर टप्प्याटप्प्याने बदला. काही डीआर मुद्दाम अर्धवट झिजलेल्या रोलरवरच सुरू करा, म्हणजे बदलायची वेळ डिसेंबरपासून आठवड्याला दोन-तीन मशिनं अशी पसरते. सप्टेंबरमध्ये हे डोळ्याला बरं दिसत नाही, पण रांग टळते.

'आम्ही दोन दुकानांतून घेतो' हे उत्तर नेहमी मिळतं. दोघांच्या बिलावरचा मूळ उत्पादक पाहा. यवतमाळचा दुकानदार नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेत असेल आणि दुसरं दुकान त्याच व्यापाऱ्याचं असेल, तर तुमच्याकडे पुरवठादार एकच आहे, फक्त फोन नंबर दोन आहेत. रस्त्याचंही तेच. ओव्हरहॉलचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो आणि तेव्हाच नाल्यांवरचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. दोन्ही पुरवठादारांचा माल त्याच पुलावरून येत असेल तर पोळ्याच्या आधीच मागवून घ्या.

आता कापूस. याला तग-सावरची रीत जशीच्या तशी लावू नका, कारण कापूस बंद पडत नाही, तो थांबून राहतो. भाव चढता असला की 'अजून चढेल' म्हणून कास्तकार ठेवतो, पडला की 'परत येईल' म्हणून ठेवतो. घरात साठवलेल्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटते, तरी ठेवतो. बाहेर काढतो तो रबीची पेरणी, उधारी, लग्न अशा गरजेने. त्यावर सरकारी निर्णयांचा थर. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत राहिली. बाजार हमीभावाच्या खाली असला की माल सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने खरेदी करणारी सरकारी संस्था) केंद्राकडे वळतो. तुमची जिनिंग सीसीआयने घेतली असेल तर आवक तुमच्याच गेटवर येते, नसेल तर शेजारच्या गेटवर. एकाच घटनेने एकाची तूट आणि दुसऱ्याची चैन होते. त्यामुळे 'कापसाचे भाव' अशी एक ओळ तक्त्यात लिहून काही हाती लागत नाही.

गेटच्या रजिस्टरवरून तीन हंगामांची रोजची आवक काढा. सलग कमी आवकीचे गट शोधा आणि प्रत्येक गटाची एकूण तूट मोजा. दिवाळीचे पाच दिवस धरू: आवक ३००, ०, ०, २००, ६०० क्विंटल. गरज ४,२५०, आवक १,१००, तूट ३,१५०. म्हणजे पाच दिवसांच्या खंडाला ३.७ दिवसांचा साठा पुरतो. त्याच पाच दिवसांत १२ डीआर मुद्दाम बंद ठेवून खाचे पाडणं आणि सुऱ्या बदलणं उरकलं तर गरज निम्मी होते आणि तूट १,०२५ क्विंटलवर येते. मजूर तसेही सणाला गावी गेलेले असतात. ठाऊक असलेल्या खंडासाठी साठा करण्याआधी हे करा.

कारण साठा फुकट नाही. पाच दिवसांचा कापूस ४,२५० क्विंटल, ७,७०० रुपयांनी ३ कोटी २७ लाख. १० टक्क्यांनी रोजचं व्याज ९ हजारांच्या आसपास, ते परवडतं. पण क्विंटलमागे १०० रुपये भाव उतरला तर ४ लाख २५ हजार गेले, म्हणजे तीन बंद दिवसांचं नुकसान कारखाना चालू असताना झालं. अंगणात सव्वातीन कोटींची एकच गंजी लावली तर आगीची जोखीमही तुम्हीच वाढवली. गंज्या वेगवेगळ्या, मधून पाण्याचा टँकर फिरेल इतकी जागा, आणि विम्याची रक्कम सरासरीवर न ठेवता सगळ्यात जास्त साठ्याच्या दिवसावर.

आवक भरपूर असूनही माल नसल्यासारखा असतो, तो ओल्या कापसाने. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी आला की वेचणी थांबते आणि जो येतो तो ओला. सीसीआय ८ टक्क्यांच्या वर ओलाव्याला कपात करते आणि १२ च्या वर घेत नाही. खेडा खरेदीचा माल मात्र अंधारात, हाताने दाबून घेतला जातो. ओला कापूस रोलरवर गुंडाळतो, डीआरचा वेग पडतो, सरकी फुटून रुईत येते. ताशी ६० किलोचं मशीन ४५ वर आलं तर कारखान्याचा चौथा हिस्सा बंद, आणि रजिस्टरमध्ये मात्र 'चालू'. असे तास वेगळे नोंदवा. हंगामाच्या शेवटी फरदड (त्याच झाडांचा उशिराचा कापूस) आणि कवडी (किडका, डागी कापूस) येते, उतारा घसरतो, तेव्हाचाही आकडा वेगळा. २०१७ सारखं गुलाबी बोंडअळीचं वर्ष असेल तर मार्ग वेगळा: उशिराची बोंडं जातात, हंगाम महिनाभर आधी संपतो. त्या वर्षी साठा करून भागत नाही. मजुरांचे आणि भाड्याचे करार आठवड्यांऐवजी गाठींवर केलेले असले तरच वाचता.

बाकीचं भराभर. गाठ बांधायच्या पट्ट्या किंवा तारा: गाठीला ८ धरल्या तर रोज १,३६०. स्वस्त, न कुजणाऱ्या; महिनाभराच्या सरळ भरून ठेवा. कापडाचं आवरण संपलं म्हणून प्लास्टिकचं विणलेलं पोतं वापरायचा मोह होतो. तो टाळा, त्याचे धागे रुईत गेले की सूतगिरणी गाठ परत पाठवते. कुठलाही पर्याय हंगामाआधी गिऱ्हाइकाला विचारून ठरवा, अडचणीच्या दिवशी नाही. वीज: उच्चदाबाच्या जोडणीत ट्रान्सफॉर्मर तुमचा, तो जळला तर रिवाइंडिंगला काही दिवस जातात, भाड्याने कोण देतो हे आधीच लिहून ठेवा आणि जागेवर आणून जोडायचे तास विचारा. डिझेल जनरेटर पूर्ण भाराचा घ्यायची गरज नाही. प्रेस, एक पंखा, अर्धे डीआर आणि अग्निशमनाचा पंप एवढं चालेल असा पाहा, मात्र पंख्याची मोटर सुरू होताना ओढते तो प्रवाह धरून. सुऱ्यांचं सेटिंग एकाच फिटरच्या डोक्यात असेल तर तोही या यादीतली एक ओळ आहे; अंतरं आणि पॅकिंगची जाडी प्रत्येक डीआरच्या गार्डवर ऑइल पेंटने लिहून घ्या.

आणि एक बाजू सल्लागाराच्या तक्त्यात अजिबातच नाही: पुढचा रस्ता बंद झाला तरी मागचं थांबतं. रोजची ५४५ क्विंटल सरकी घनमीटरला साडेतीन क्विंटलप्रमाणे दीडशेवर घनमीटर जागा खाते. तेलमिल चार दिवस उचल थांबवते तेव्हा सरकीचं गोदाम भरतं आणि डीआर कापूस असूनही बंद करावे लागतात. ओल्या कापसाची सरकी ढिगात आतून तापते, म्हणून ती वेगळी ठेवा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि सकाळी काढून हाताला लावून पाहायची. सळई धरवत नसेल तर ढीग त्याच दिवशी फोडायचा, तेलमिलच्या गाडीची वाट न पाहता.